इंदूर–जाम दरवाजा–महेश्वर–मांडू: अर्धं डांबर, अर्धा मुरूम. टायर कोणते घालू?

नारायणबागकर (धागाकर्ता)

मंडळी, दिवाळीनंतर चार दिवस मोकळे काढले आहेत. बेत असा की इंदूरहून महू, तिथून जाम दरवाज्यावरून घाट उतरून मंडलेश्वर आणि महेश्वरला मुक्काम. दुसरा दिवस सहस्रधारा आणि आसपासच्या गावांसाठी. तिसऱ्या दिवशी धामनोद, गुजरी करत घाट चढून मांडू, चौथ्या दिवशी धारवरून घरी. एकटाच आहे.

ट्रकांच्या धुरात हमरस्त्याने जाण्यात मला रस नाही, त्यामुळे जिथं जमेल तिथं गावरस्ते. गावात सिमेंट, गावाबाहेर डांबर, डांबर संपलं की मुरूम, आणि काम चालू असेल तिथं ताजी गिट्टी. माझ्या हिशेबाने साठ टक्के डांबर, बाकी रामभरोसे.

सायकल आठ वर्षं जुनी हायब्रिड, ७००सी चाकं, व्ही-ब्रेक, मडगार्ड, मागे कॅरिअर. टायर सायकलीबरोबर आलेलेच, ७०० × ३२ (म्हणजे ३२ मिमी रुंद), मागचा मधोमध घासून सपाट झालाय. माझं वजन ७८. सामान १२ किलोच्या आत ठेवणार आहे (हे ऐकून घरात हशा झाला).

दोन दुकानांत विचारून आलो. पहिला म्हणाला, "बाबूजी, मोटे काँटे वाला डालो, पहाड़ चढ़ जाओगे." दुसरा म्हणाला, जितका बारीक टायर तितकी सायकल पळते. दोघंही चाळीस वर्षं याच धंद्यात आहेत. आता मी कोणाचं ऐकू?

लोखंडी_घोडा

काका, फार डोकं चालवू नका. श्वाल्बेचे मॅरेथॉन प्लस घाला आणि विसरून जा. टायरच्या आत पाच मिमी जाडीचा रबराचा थर आहे, बाभळीचा काटा त्यातच अडकून राहतो. मी त्यावर इंदूर-ओंकारेश्वर किती वेळा केलं त्याचा हिशेब ठेवलेला नाही. पंक्चरच्या डबीतलं सोल्यूशन वाळून दगड झालंय, इतका त्याचा उपयोग पडला.

मुरूमखोर

विसरून जाल हे खरंय, कारण चढावर श्वासापलीकडे काही आठवणारच नाही. कृपया हलकं घ्या, घोडेराव.

३८चा प्लस नऊशे ग्रॅमच्या पुढेमागे भरतो, त्याच मापाचा चांगला ग्रॅव्हल टायर, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीचा, साधारण निम्म्यात येतो. आणि वजन ही लहान तक्रार. मोठी तक्रार अशी की तो ताठ आहे. डांबरावर चालून जातं, पण मुरमावर ताठ टायर प्रत्येक खड्यावर सायकलीला आणि तुम्हाला वर उचलतो. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे जातो. उचलण्यात जी ताकद जाते ती तुमच्याच पायांची असते.

दुकानदार क्रमांक दोनचं "बारीक पळतो" हेही अर्धसत्य. हवा सारखीच असेल तर टायर बारीक असो की रुंद, जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ साधारण तेवढंच. बारकाचा ठसा लांबट, रुंदाचा आखूड आणि आडवा. लांबट ठशात टायरच्या भिंती जास्त वाकतात, आणि वाकण्यातच शक्ती खर्च होते. बारीक टायर पळतो असं वाटतं कारण आपण त्यात ठासून हवा भरतो. मग दगडी झालेली सायकल थरथरते आणि ती थरथर आपल्याला वेग वाटते.

माझं मत: निदान ४०, मऊ, ट्यूबलेस.

महूवाली

भांडण रंगायच्या आत एक प्रश्न. काका, तुमच्या फ्रेममध्ये जागा किती आहे? पुण्यातली मंडळी ४० म्हणतील नाहीतर ५० म्हणतील, चाक फिरलं पाहिजे ना.

घरात अ‍ॅलन की (मिमीच्या मापाच्या षटकोनी किल्ल्या) असतील. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या दांड्या पेडलच्या आसाजवळ जिथं एकमेकींच्या जवळ येतात, तिथं टायर आणि दांडी यांच्यामध्ये की घालून बघा. मग पुढे फोर्कच्या माथ्याखाली. नवा टायर बसल्यावर सगळीकडे निदान ५ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. टायर ८ मिमीने रुंद झाला की प्रत्येक बाजूची ४ मिमी जागा जाते, आणि उंचीसुद्धा जवळपास ८ मिमीने वाढते. ही उंची लोक विसरतात आणि मग मडगार्ड खरखरायला लागतं.

मडगार्डवरून आठवलं. एकदा जुलैत सिमरोलकडच्या एका शेतवाटेने गेले. चाळीस पावलांत चाक फिरायचं थांबलं. आपली काळी माती टायरला चिकटते, मडगार्डखाली जाते आणि तिथं तिची वीट होते. काडीने उकरा, बोटाने उकरा, दहा पावलं चाला, पुन्हा वीट. शेवटी रस्त्याच्या कडेला बसून दोन्ही मडगार्ड सोडले आणि कॅरिअरला बांधले. दिवाळीनंतर कोरडं असेल असं तुम्ही म्हणाल, पण तेव्हा गव्हाला पाणी चालू असतं आणि पाट फुटून रस्त्यावर आलेला असतो. गुळगुळीत मुरमावरून जाताजाता अचानक वीस फूट लापशी लागते.

नारायणबागकर

चहा उकळेपर्यंत मोजून आलो. मागे ६ची की दोन्हीकडून आरामात जाते. ८ची डावीकडून जाते, उजवीकडे अडकते. मग लक्षात आलं की चाकच मध्यावर नाही! ते सोडून नीट बसवलं, आता ८ दोन्हीकडून जाते, जेमतेम. पुढे १०चीसुद्धा खुळखुळते. आठ वर्षं मी तिरक्या चाकाची सायकल चालवत होतो, आणि उजवा गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरला पैसे देत होतो. (संबंध नसेलही, पण राग यायचा तो आलाच.)

महूवाली

झालं तर मग. मागे ३८ घातलात तर प्रत्येक बाजूला ५ उरतात. ४० घातलात तर ४, ते चिखलात नको. मागे ३८, पुढे ४०. दोन्ही सारखेच हवेत असा कुठं नियम आहे?

मुरूमखोर

ताईंना अनुमोदन. पुढे रुंद आणि मऊ असावा हे तर उलट उत्तमच. हातांना झिणझिण्या कमी येतात आणि वळणावर पकड राहते.

फक्त_वाचतो

वाचनखूण साठवली.

निवृत्त_मास्तर

काट्याच्या, म्हणजे नक्षीच्या टायरविषयी कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटारीच्या टायरला खाचा असतात त्या साचलेलं पाणी बाहेर फेकायला. सायकलचा ठसा इतका लहान आणि गोलाकार, आणि आपला वेग इतका कमी, की डांबरावरच्या पाण्यावर सायकल तरंगतच नाही. ओल्या डांबरावर गुळगुळीत टायर उत्तम चालतो. खाचा बघून मनाला बरं वाटतं, एवढंच.

खरे काटे लागतात ते चिखलात आणि भुसभुशीत मातीत, कारण तिथं काटा रुतून पकडतो. कडक मुरमावर टणक पृष्ठभाग आणि वर सुटे खडे असतात, तिथं काटा रुतणार कशात? शिवाय डांबरावर मोठे काटे गुरगुरतात, लवकर झिजतात आणि वळणावर वाकतात. नारायणबागकर, तुमच्या साठ-चाळीसच्या हिशेबाला मधोमध सपाट किंवा बारीक दाण्याचा आणि कडेला थोडी खरखर असलेला टायर पुरे. पहिल्या दुकानदाराचा सल्ला पचमढीच्या जंगलात कामाला येईल.

निमाडी_ऊन

सगळे टायरची निवड करतायत, मी टायर फाटल्यावरची गोष्ट सांगतो. आम्ही खरगोणचे. दोन वर्षांपूर्वी मित्राबरोबर महेश्वरहून येताना त्याचा मागचा टायर कडेने गेला. जवळच्या गावात दुकान सापडलं, मित्राने सांगितलं अठ्ठावीसचा द्या. दुकानदाराने छान नवाकोरा अठ्ठावीसचा दिला. तो रिमवर ठेवला तर नुसता लोळतोय! ट्यूब भरली की एका बाजूने बाहेर येतो. मी म्हटलं हे माप वेगळं आहे. तो म्हणाला, "भिया, अट्ठाईस का अट्ठाईस ही होता है."

आणि त्याच्या जागी तो बरोबरच होता. आपल्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीचा २८ × १½ म्हणजे टायरच्या कडेतली तार रिमवर जिथं बसते तिथला व्यास ६३५ मिमी. हायब्रिडचं ७००सी म्हणजे ६२२. दोघांनाही अठ्ठावीसच म्हणतात, तेरा मिमीचा फरक. शेवटी ट्रॅक्टरमध्ये सायकल टाकून घरी आलो.

म्हणून टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरात ४०-६२२ असं काहीतरी छापलेलं असतं तेच वाचा. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास. इंच, सी, बी सगळं विसरा. काका, तुमचा दुसरा आकडा ६२२. हातावर गोंदवून घ्या. आणि लक्षात ठेवा, गावात रॅल्सन, मेट्रो सगळं मिळतं, पण ६३५ मिळतं. ६२२ शहरात.

लोखंडी_घोडा

म्हणूनच म्हणतो, न फाटणारा घाला. :)

निमाडी_ऊन

घोडेराव, तुमचा थर बुडाला आहे, भिंतीला नाही. मित्राचा टायर भिंतीतून गेला होता. गिट्टीची धार तळाला लागत नाही, कडेला लागते.

महूवाली

जाताजाता, २७.५च्या चाकवाल्यांनी ऐकून ठेवा. तुमचा व्यास ५८४. जुन्या २६ × १½ मापाचाही व्यास तोच. माझी सायकल २७.५ची आहे, आणि अडचणीच्या वेळी गावातला तो टायर मला चालतो. पण भिंतीवर ५८४ लिहिलेलं स्वतः वाचल्याशिवाय घेऊ नका, कारण २६ × १⅜ शेजारीच टांगलेला असतो आणि तो ५९०. सहा मिमीने घात होतो.

नारायणबागकर

हे इंचांचं प्रकरण ऐकून डोकं गरगरलं. आता ट्यूबलेसचं सांगा. मुरूमखोर, माझ्या रिमला चालेल का?

मुरूमखोर

आठ वर्षं जुनी हायब्रिड म्हणजे रिम बहुधा साधी. ट्यूबलेससाठी रिमच्या आतली कड वेगळ्या घडणीची असते, टायरची कडा तिथं घट्ट बसते. साध्या रिमवर टेप लावून चालवणारे आहेत, पण घाट उतरताना कडा सुटली तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही ट्यूबच ठेवा. माझा "ट्यूबलेस" मागे घेतो, "मऊ" मागे घेत नाही.

निमाडी_ऊन

शिवाय ट्यूबलेसमध्ये भोकं बुजवायला आत जे द्रव्य ओततात ते वाळतं. पुण्यात तीन-चार महिने टिकत असेल, आमच्या मे महिन्यात चाकातून साय निघते. मान्य करतो, सराट्यांसाठी मात्र त्याला तोड नाही. एका शेतातून चाक ढकलत नेलं की पंधरा सराटे टायरला, आणि ट्यूबलेसवाला आपला शीळ घालत पुढे.

मुरूमखोर

आणि एवढं करूनही ट्यूबलेसवाल्याला एक ट्यूब जवळ ठेवावीच लागते. ती घालण्याआधी टायरच्या आत अडकलेली सगळी टोकं काढायची, नाहीतर नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते. बोटाने चाचपू नका, रक्त निघतं. जुन्या बनियनची चिंधी आतून फिरवा, टोक असेल तिथं धागा अडकतो. ट्यूबवाल्यांनाही हेच लागू.

नारायणबागकर

आता हवा. पंपावर आकडा आहे, टायरवर "कमाल ८५" वगैरे लिहिलेलं असतं. तेवढी भरायची ना?

निवृत्त_मास्तर

नाही हो. कमाल म्हणजे याच्या पुढे जाऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. मिठाच्या डब्यावर "एक किलो" लिहिलंय म्हणून आमटीत किलोभर घालतो का आपण?

तुमचा हिशेब मांडू. ७८ तुम्ही, १४ सायकल धरा, १२ सामान, एकूण १०४ किलो. बसण्याच्या पद्धतीमुळे आणि मागच्या कॅरिअरमुळे साठ टक्के मागे: सुमारे ६२ किलो मागच्या चाकावर, ४२ पुढच्या. जुना ठोकताळा असा की भारासकट टायरची उंची साधारण १५ टक्के दबली पाहिजे. ३८च्या टायरला म्हणजे पाच-सहा मिमी. मागे ५० पीएसआय (पंपावरचा हवेच्या दाबाचा आकडा), पुढे ४०चा असेल तर ३८ पासून सुरुवात करा. मुरूम जास्त लागला तर दोन्हीतून तीन-चार काढा, लांब डांबर लागलं तर परत भरा. फार काढलीत तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, सापाने डसल्यासारखी. तशी जोडी दिसली की काट्याला दोष देऊ नका, हवा कमी होती.

आणखी एक. निमाडात उतरल्यावर कोणीतरी सांगेल, गर्मीने टायर फुटतो, हवा कमी करा. २५ अंशांत ५० पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांत गेला तर दाब चार-सव्वाचारने वाढतो, जास्त नाही. त्याने टायर फुटत नाही. मात्र तुमचे ब्रेक रिमला घासणारे आहेत. जाम दरवाज्याच्या उतारावर सामानासकट ब्रेक दाबून धरलात तर रिम हाताला चटका देईल इतकी तापते. थोडं दाबा, थोडं सोडा, पुढचा-मागचा आलटून पालटून. मध्ये थांबून दरी बघा. अहिल्याबाईंनी १७९१मध्ये तो दरवाजा बांधला तो लोकांनी तिथं थांबावं म्हणूनच असं धरून चाला.

महूवाली

मास्तर, मिठाच्या डब्यावर लोटांगण.

उंचीचाही अंदाज देते. इंदूर साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे जाताना जे फुकट मिळेल ते तिसऱ्या दिवशी मांडूला व्याजासकट परत करायचं आहे.

फक्त_वाचतो

अवांतर प्रश्न. माझ्या सायकलच्या व्हॉल्वला गावातला पंप लागत नाही. उपाय?

लोखंडी_घोडा

बारीक लांब व्हॉल्व म्हणजे प्रेस्टा. पितळेचा एक छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो खिशात नाही तर व्हॉल्ववरच चढवून ठेवा, नाहीतर हरवतो. तो लावला की एबी रोडवरच्या (आग्रा-मुंबई हमरस्ता) ट्रकच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो. फक्त त्याला सांगा, "भिया, धीरे." त्याला शंभराच्या वरची सवय असते.

गावातल्या पंपाला लागतो तो डनलॉप व्हॉल्व. अवांतराचं अवांतर: बेलफास्टचे हे डनलॉप जनावरांचे डॉक्टर. १८८८मध्ये मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर करून दिले आणि नाव कमावलं. प्रत्यक्षात थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं, त्यापायी डनलॉपचं पेटंट पुढे रद्द झालं. तरी आपल्या तोंडी डनलॉपच. थॉमसनला कोणी ओळखत नाही.

नारायणबागकर

अपडेट, आणि जरा चिडून.

शनिवारी टायर घेतले. दुकानाचं नाव घेत नाही. मागे ३८, पुढे ४०, मधोमध बारीक दाणे, कडेला खरखर, अगदी मास्तरांनी सांगितले तसे. बसवून आणले. घरी बघतो तर पुढचा उलटा बसवलेला, बाणाची दिशा मागे. ते मी स्वतः सोडून परत बसवलं, अर्धा तास गेला, पण तारेचा टायर हाताने रिमवर चढवता येतो हा आत्मविश्वास आला. शेवटचे चार बोटं अंतर जात नसेल तर समोरच्या बाजूची तार रिमच्या खोलगट मध्यात ढकलायची, मग जातं. हे कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी पहाटे राजवाड्याजवळ पोहे-जलेबी खाऊन जाम दरवाज्यापर्यंत चाचणीला निघालो. फरक जाणवला? अहो, सायकल बदलल्यासारखं वाटलं. महूच्या पुढे एका मुरूम रस्त्यावर मुद्दाम शिरलो. पूर्वी तिथं दात वाजायचे. आता खाली नुसता कुरकुर आवाज, हात शांत.

येताना मागून टँकर आला, मी कडेला उतरलो, आणि कडेला ताजी गिट्टी. फट्. मागचा. भिंतीला आडवी दीड इंच चीर, आतून ट्यूबचा फुगा डोकावतोय. निमाडी_ऊन, तुमची आठवण आली आणि ती चांगली नव्हती.

ट्यूब होती. पण फाटक्या टायरमध्ये नवी ट्यूब घातली तर ती त्याच खिडकीतून बाहेर येणार. सायकल ढकलत पाऊण किलोमीटरवर चहाची टपरी गाठली. टपरीवर सावलीसाठी निवडणुकीचा जुना फ्लेक्स ताणलेला. टपरीवाल्याने माझ्याकडे बघितलं, चिरेकडे बघितलं, आणि काही न बोलता कांद्याच्या सुरीने फ्लेक्सचा कोपरा कापून दिला. दुहेरी घडी करून चिरेच्या आत लावला, चारी बाजूंनी दोन बोटं जास्त. वर ट्यूब, हवा ३५च. आलो की घरी! पंचेचाळीस किलोमीटर, सावकाश. एका उमेदवाराचं अर्धं हसू माझ्या टायरमध्ये आहे.

संध्याकाळी टायर उन्हात वाकवून बघितला तर त्याच्या भिंतीवर केसाएवढ्या बारीक भेगा. म्हणजे माल जुना, कुठंतरी वर्षानुवर्षं पडून होता. दुकानात नेला तर उत्तर, "रबर है बाबूजी, थोड़ा तो होता है." बदलून मिळाला नाही.

महूवाली

काका, घेताना बघायचं हेच. टायर उलटा वळवून भिंत ताणायची, उजेडात. नव्या रबराची भिंत सपाट आणि काळी कुळकुळीत दिसते, शिळ्याची कोरड्या तळ्यासारखी. दुकानदाराला राग येतो, येऊ द्या. आणि माप मोजूनच घ्या, छापलेलं ४० हवा भरल्यावर ३७ निघालेलं मी पाहिलंय. रिम अरुंद असेल तर आणखी कमी भरतं.

निमाडी_ऊन

फ्लेक्सला सलाम. जवळ नसेल तर जुन्या टायरच्या भिंतीचा बोटभर तुकडा पिशवीत टाका, त्याहून चांगलं काही नाही. टूथपेस्टची ट्यूब कापूनही चालते म्हणतात, पण मग दात कशाने घासायचे.

मुरूमखोर

पुढचाही त्याच दुकानातला ना? तोही तपासा. मागचा फुटला तर सायकल डुलते आणि थांबते. पुढचा फुटला तर माणूस पडतो. चांगला टायर नेहमी पुढे. मागचा दुप्पट-तिप्पट वेगाने झिजतो, तेव्हा मागचा संपला की पुढचा मागे आणि नवा पुढे. पुष्कळजण अर्धा झिजलेला मागचा उचलून पुढे घालतात, ते चूक.

नारायणबागकर

पुढच्यालाही भेगा आहेत. दोन्ही काढले. चार दिवस विचार करून ठरवलंय: मागे श्वाल्बेचा साधा मॅरेथॉन, प्लस नव्हे, ३७-६२२. त्यात तीन मिमीचा थर आहे, पाचचा नाही. घोडेराव अर्धे जिंकले. पुढे ४०चा मऊ, दाण्यांचा. मुरूमखोर अर्धे जिंकले. मडगार्ड घरी. ओळखीच्या माणसाकडून मागवलेत, आल्यावर आधी उन्हात वाकवणार.

लोखंडी_घोडा

साधा मॅरेथॉन म्हणजे बिनजिरावणाचे पोहे. पण चालेल, पोट भरतं.

नारायणबागकर

आलो. चार दिवसांचा वृत्तांत वेगळा लिहीन, इथं फक्त टायरचं.

घाट उतरताना पाच वेळा थांबलो. रिम हाताला गरम लागली, चटका नाही बसला. मंडलेश्वर-महेश्वर शेतवाटांनी गेलो, मागे ४६, पुढे ३६ ठेवली, मजा आली. महूवालींचा पाट अगदी सांगितल्या जागी नसला तरी सांगितल्यासारखाच फुटलेला होता. मडगार्ड नसल्यामुळे चाक फिरत राहिलं आणि चिखल माझ्या पाठीवर आला. सहस्रधारेला खडकांवरून ढकलत नेली.

धामनोदच्या पुढे हवा परत ५०-४०. मांडूचा घाट सामानासकट चढताना दोन ठिकाणी उतरून चाललो, आणि त्याचा टायरशी काही संबंध नाही. एकच पंक्चर, मांडूत, मुक्कामाच्या दारात. बाभळीचा काटा पुढच्या टायरमधून सरळ. बनियनच्या चिंधीला तो सापडला. समोर खुरासानी इमलीच्या झाडाखाली पोरं बसली होती, त्यांनी बादलीभर पाणी आणून बुडबुडे शोधून दिले आणि पंक्चर मला काढूच दिलं नाही. त्यांच्यातला सर्वात लहान माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने ठिगळ लावत होता. धारच्या रस्त्यावर विशेष काही नाही.

निवृत्त_मास्तर

सामान किती झालं शेवटी?

नारायणबागकर

१७. घरातला हशा रास्त होता.

निवृत्त_मास्तर

मग मागे ५५ हवी होती.

फक्त_वाचतो

आता मीही निघणार. माझी सायकल २६ची आहे, मोठ्या काट्यांचे टायर. डांबरावर फार गुरगुरतात. कोणते घालू?

महूवाली

चाकाजवळ बसा, भिंत पुसा, दुसरा आकडा इथं टाका. ५५९ आहे की ५९०?

फक्त_वाचतो

पाहून सांगतो. सायकल गच्चीवर आहे.